प्लास्टिकला चढलेला गंज

हौसामावशी रोज सकाळी इंजिनाला तीन प्रश्न विचारायची आणि पहिल्या दोहोंचं उत्तर मिळाल्याशिवाय दोरी ओढायची नाही. "प्यालंय का? दम घेतंय का? पेटतंय का?" पहिल्या प्रश्नाला ती पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून बघायची. फुगा हाताला घट्ट लागला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं. दुसऱ्या प्रश्नाला टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल करायची, कारण टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला लागते. तिसऱ्याला दोरी ओढायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई कुणाशी तरी फोनवर बोलते आहे आणि समोरचा माणूस आजारी आहे. बाकीचे लोक मात्र शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे गप्प होते, म्हणून मीही गप्प उभा राहिलो.

माझी बदली तेव्हा धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीवरच्या शाळेत झाली होती. खोली राजूरला. राजूरहून मोटारसायकलने काठापर्यंत यायचं, गाडी जांभळीखाली लावायची आणि तराफ्याने पलीकडे जायचं. पाण्याला वळसा घालून जाणारा एक रस्ताही आहे, पण तो उन्हाळ्यात असतो आणि पावसाळ्यात नसतो. तराफा म्हणजे दोन लांब पोकळ नळकांडी, त्यावर फळ्यांची जमीन, वर पत्रा आणि मागे लटकवलेलं इंजिन. मालकी मच्छीमार सोसायटीची. तो चालवायचा मावशीचा नवरा, किसनदादा. मावशी कूपनं फाडायची. किसनदादा पोटाच्या दुखण्याने गेला. दहावा झाल्यावर मावशी काठावर आली आणि इंजिनापाशी जाऊन बसली. चेअरमन म्हणाले, "हौसावहिनी, आमी मानूस शोधतो." मावशी म्हणाली, "शोधा की. तवर मी चालवते." मी गेलो तेव्हा या गोष्टीला काही वर्षं झाली होती. सोसायटीचा शोध चालूच होता.

बाई ठेंगणी, आवाज मात्र दोन्ही काठांना पुरेल एवढा. तराफ्यावर कोणी कुठे बसायचं ते ती ठरवी. शेळ्या पुढे, दुधाच्या किटल्या मधे, तंबाखू खाणारे वाऱ्याच्या खालच्या बाजूला. चेअरमन देहाने भारदस्त. ते एका कडेला बसले की तराफा कलायचा. "चेअरमन, तुमी मधी सरका," ती सगळ्यांसमोर म्हणायची. "तुमच्या अंगाला तराफा बी झुकतो आन सोसायटी बी." चेअरमन मधे सरकायचे. बोलायचे काही नाहीत, कारण उतरायचं अजून बाकी असायचं.

ते तीन प्रश्न फक्त इंजिनासाठी होते असं नाही. कुणाचं पोर किरकिर करायला लागलं, कुणाची गाय आटली, कुणाचा जावई रुसला, तरी मावशीची तपासणी तीच. एकदा मी बायकोशी भांडून आलो होतो. तिला संगमनेरला बिऱ्हाड हवं होतं आणि मला रोज एवढा प्रवास नको होता. मी कुणाला काही बोललो नव्हतो. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"च्या प्याला का, गुर्जी?"

"प्यालो."

"मंग दम घेत न्हाई तुमी. त्वांड मिटून बसलाय. त्वांड मिटलं का आतल्या आत वढ बसते, आन मानूस मधीच बंद पडतं. घरी जावा आन भांडा नीट. लई आवाज करून भांडा."

मी घरी जाऊन नीट भांडलो. आम्ही संगमनेरला बिऱ्हाड केलं. अजून तिथेच आहोत, आणि रोजच्या प्रवासाने माझी कंबर गेली ती वेगळी.

दर दसऱ्याला तराफ्याची पूजा व्हायची. इंजिनाला झेंडूची माळ, पुढे नारळ, हळदकुंकू. पूजा करायच्या चेअरमनांच्या पत्नी शांताबाई. वर्षभर इंजिन हौसामावशीच्या हातात, पण त्या दिवशी ती दोन पावलं मागे उभी राहायची. तिला कुणी मागे हो म्हटलेलं मी ऐकलं नाही. सवाष्णीने करायचं ते सवाष्णीने करायचं, एवढं सगळ्यांना आपोआप ठाऊक होतं आणि तिलाही. मला विचाराल तर मला ते खटकायचं. पण मीही प्रसादाचं खोबरं हातात घेऊन उभाच असायचो.

मग सोसायटीने नवी टाकी आणली. जुनी लोखंडी टाकी गंजून लाल झाली होती, हात लावला की हाताला रंग यायचा. नवी प्लास्टिकची, काळी कुळकुळीत. झाकणाच्या मधोमध हवेचा स्क्रू, स्क्रूभोवती बोटाचं टोक मावेल एवढा खळगा. दिवाळी झाली, थंडी पडली आणि तराफा मधेच बंद पडायला लागला. काठावरून ताठ मानेने निघायचा, अर्ध्या पाण्यात पोचला की खोकायचा, आचके द्यायचा आणि गप्प व्हायचा. थोडा वेळ वाट पाहिली की पुन्हा सुरू, आणि पलीकडचा काठ हाताशी आला की पुन्हा बंद. वारा असला तर तेवढ्यात तराफा खडकाकडे सरकायचा. मग बाप्ये वल्ही घ्यायचे, बाया देवाचं नाव घ्यायच्या आणि मी हजेरीचा विचार करायचो.

आजाराचं निदान प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे केलं. दूधवाला म्हणाला, पेट्रोलमधे पाणी आहे. हे त्याला सुचणं साहजिक होतं. मी म्हणालो, हल्लीच्या पेट्रोलमधे इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. मावशीने काचेच्या बाटलीत पेट्रोल भरून दिवसभर उन्हात ठेवलं. पाणी असतं तर तळाशी वेगळं बसलं असतं. काही बसलं नाही. शांताबाईंनी लिंबू-मिरची पाठवली, तीही बांधून झाली. त्यानंतर तराफा लिंबू-मिरचीसकट बंद पडायला लागला.

शेवटी संगमनेरहून युनूसभाई आला. विहिरीवरची इंजिनं, फवारणीचे पंप, धरणावरच्या बोटी, सगळं बघणारा. उंच, शांत, कानावर पेन्सिल. त्याने आधी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि इंजिन चालू केलं. इंजिन शहाण्यासारखं चाललं. तो म्हणाला, "मावशी, ह्याला काय धाड भरली?" आणि बिल न करता चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी तराफा बंद पडला. मग त्याने पेट्रोलची जाळी बदलली, नळी बदलली, नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून कुठे हवा शिरते का पाहिलं, फुगा बदलला, कार्बोरेटर खोलून त्याची भोकं फुंकली. प्रत्येक वेळी तो आधी झाकण उघडून आत बघायचा, झाकण लावायचा, आणि इंजिन काठाला उत्तम चालायचं. झाकणावरचा स्क्रू सैल आहे का तेही तो डोळ्यांनी पाहायचा. स्क्रू सैलच असायचा. युनूसभाईला आपल्या कामाचा अभिमान होता, तो त्या महिन्यात बराच झिजला.

तिकडे चेअरमनांकडे नाशिककडचा एक ठेकेदार येऊ लागला. त्याची फायबरची बोट होती, केशरी जाकिटं होती, शनिवार-रविवारी पर्यटक फिरवायचा बेत होता. सोसायटीची बैठक झाली. चेअरमनांनी निर्णय सांगितला, तोही काठावर उभं राहून, तराफ्यावर चढायच्या आधी. राजूरच्या येत्या बाजारच्या दिवशी ते स्वतः आणि सोसायटीचे सदस्य तराफ्यावर बसून जाणार. त्या फेरीत तराफा मधे बंद पडला आणि पुन्हा चालू झाला नाही, तर तराफा ठेकेदाराकडे.

"त्यात तुमचं मन दुखवायचं न्हाई, हौसावहिनी. पन लोकांचा जीव हाय."

"लोकांचा हाय, व्हय," मावशी म्हणाली आणि फुगा दाबत बसली.

त्या दिवशी परतीच्या फेरीला मी एकटाच होतो. मावशी एरवी पाण्यावरून ओरडत यायची, ती गप्प होती. काठ जवळ आला तेव्हा म्हणाली, "गुर्जी, ह्याच्यावर न्हाई बसले तर मी कुठं बसू? घरात? घरात चार भिती हायेत. त्यास्नी काय इचारू, प्यालंय का म्हनून?"

मी खिशात गाडीची किल्ली शोधायला लागलो. मी शिक्षक आहे, उत्तर न सुचण्याची मला सवय नाही, म्हणून मला फार वाईट वाटलं.

बाजारच्या दिवशी लवकर बाजार करून वाडीकडे परतणाऱ्यांनी तराफा भरला. बाजारच्या पिशव्या, कोंबड्या, चेअरमन मधोमध, शांताबाई त्यांच्या शेजारी, मागे सदस्य. युनूसभाईही आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. या खेपेला टाकी काठावर उघडायची वेळ आली नाही. मावशीने सकाळीच पेट्रोल भरून, झाकण लावून सगळं तयार ठेवलं होतं. तिने मोठ्याने तीन प्रश्न विचारले, दोरी ओढली, इंजिन पेटलं. चेअरमन म्हणाले, "वा." आणि अर्ध्या पाण्यात इंजिन खोकलं.

ते बंद पडल्यावर पाण्यावर जी शांतता पसरली तिच्यात फक्त एक कोंबडी बोलत होती. मावशीने फुगा हातात घेतला. तो म्हाताऱ्याच्या गालासारखा आत ओढला गेला होता. "प्यालंय का?" ती म्हणाली. "न्हाई प्यालं." मग तिचा हात सवयीने टाकीच्या झाकणावर गेला. "दम घे..." म्हणाली आणि तिथेच थांबली. प्रश्न अर्धा राहिला. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावरून मला एवढंच कळलं, की उत्तर तिला सापडलं आहे आणि ते तिला नको आहे. तिने झाकणावरून हात काढला नाही. उलट तळवा पसरून ते झाकलं.

"मावशी, हात काढा," युनूसभाई म्हणाला.

"न्हाई."

"मावशी, खडक जवळ येतोय."

तिने हात काढला. युनूसभाईने झाकण फिरवलं आणि टाकीने फुस्स करून मोठा श्वास घेतला, सगळ्या तराफ्याला ऐकू जाईल असा. मग कुठे त्याच्या लक्षात आलं. इतके दिवस तपासण्यासाठी तो दर वेळी झाकण उघडत होता आणि आपल्याच हाताने हवा आत सोडत होता. काठावर इंजिन चालायचं ते त्यामुळे. त्याने स्क्रू पुरता काढला. खाली स्क्रूच्या खळग्यात आणि भोकात लाल, तेलकट लगदा घट्ट बसला होता. स्क्रू सैल होता, पण त्याखालचं भोक बुजलं होतं.

"पिन हाय का?"

मावशीने पदराची सेफ्टी पिन काढून दिली. युनूसभाईने पिनेने भोक मोकळं केलं. पिनेच्या टोकाला लाल गोळा आला. त्याने तो बघितला, मग मावशीच्या कोऱ्या कपाळाकडे बघितलं, मग पुन्हा पिनेकडे.

"काय हाय त्ये लाल?" चेअरमनांनी विचारलं.

"गंज," युनूसभाई म्हणाला.

चेअरमनांनी काळ्या टाकीकडे पाहिलं. बोटाने ठोकून पाहिलं. टाकी प्लास्टिकसारखी वाजली. मग ते माझ्याकडे वळले. "गुर्जी, तुमी सायन्सचे. प्लास्टिकला गंज चढतो व्हय?"

आठवीला गंजण्याचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. लोखंड, हवा आणि पाणी लागतं. मी घसा साफ केला. "पाण्यावरच्या हवेत चढतो," मी म्हणालो.

चेअरमनांनी टाकी पुन्हा एकदा ठोकून पाहिली. शांताबाई पिनेकडे बघत होत्या. "आसंल," चेअरमन शेवटी म्हणाले. युनूसभाईने पिन पाण्यात धुतली, स्क्रू बसवला, फुगा दाबला. मावशीने दोरी ओढली. तराफा वाडीला लागला तेव्हा चेअरमन उतरता उतरता सदस्यांना म्हणाले, "गंजच हुता. आता काय अडचन न्हाई." ठेकेदाराला त्यांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. तो परत आला नाही.

सगळे गेल्यावर मावशी दोर खुंट्याला बांधत होती. मी शाळेकडे वळलो तर तिनेच हाक मारली.

"त्ये रोज सकाळी इंजनाला कुकू लावायचे," ती म्हणाली. ते म्हणजे किसनदादा. "आंगठ्याला उरायचं त्ये मला लावायचे. आधी इंजन, मंग मी. मी म्हनायची, माझा नंबर दुसरा का वो? त्ये म्हनायचे, तू बंद पडत न्हाईस म्हनून." ती थोडी हसली. "त्ये गेले आन माझं कपाळ बंद झालं. म्हटलं, इंजनाचं का बंद करायचं? जुनी टाकी गंजकी हुती, तिच्यावर चिमूटभर लावलं तर कुनाला दिसायचं न्हाई. ही काळी आली. हिच्यावर दिसतंय. मंग त्या खळग्यात लपवायला लागले. वरून स्क्रू."

तिने दोर आवळला.

"रोज इचारते, दम घेतंय का. आन मीच त्याचं नाक दाबून बसलेली, गुर्जी." आता ती रडली. पदर तोंडाला न लावता, इंजिनाशी बोलायची त्याच आवाजात रडली. मी दोराची दुसरी गाठ मारली. ती चुकीची होती, तिने सोडून पुन्हा मारली.

त्यानंतर तराफा बंद पडला नाही. मावशीने झाकणाला काही लावलं नाही. कुठेच लावलं नाही. आवाज तसाच राहिला, चेअरमन मधे सरकत राहिले. पण सकाळी दोरी ओढायच्या आधी तिचा अंगठा उगाच बोटावर घासला जायचा, एवढं माझ्या नजरेला आलं होतं.

दसरा आला. तराफ्याला माळ घातली, शांताबाई ताट घेऊन चढल्या, मावशी नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे. शांताबाईंनी नारळाला कुंकू लावलं, वल्ह्यांना लावलं, आणि इंजिनापाशी येऊन थांबल्या. मग वळून ताट मावशीपुढे धरलं.

"इंजनाला तू लाव, हौसा."

चेअरमन पलीकडच्या डोंगराकडे फार लक्ष देऊन बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"धर की. हात दुखाया लागला माझा," शांताबाई म्हणाल्या. "पन झाकनाला लावू नको. प्लास्टिकला गंज चढतो."

तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी तराफ्यावर एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. सगळ्या शिक्षकी आयुष्यात मला इतका आनंद झाला नव्हता.

मावशीने चिमूट घेतली आणि इंजिनाच्या टोपणावर मधोमध टिळा लावला. अंगठ्याला थोडं उरलं. ती अंगठ्याकडे बघत उभी राहिली. मग घाम पुसावा तसा अंगठा कपाळावर फिरवला. टिळा वाकडा आला. "आता नारळ फोडा की," ती ओरडली, "का उनात शिजवायचंय समद्यास्नी?"

पुढे तिने भाची सुनीताला इंजिन शिकवलं. शिकवणं म्हणजे शेजारी बसून शिव्या देणं. सुनीता शिकली. आठवीचा गंजाचा धडा दर वर्षी येतो. वाडीवरची पोरं आपसात हसतात आणि एखादी मुलगी साळसूदपणे विचारते, "सर, प्लास्टिकला?" मी सांगतो, परीक्षेत नाही म्हणून लिहायचं.

यंदा पावसाळ्यात मावशी तापाचं निमित्त होऊन संगमनेरच्या दवाखान्यात गेली. शेवटच्या भेटीत तिला बोलताना धाप लागत होती. मला म्हणाली, "मीच दम घेत न्हाई आता, गुर्जी. भोक साफ करून झालं डाक्टरचं." तिलाच त्याचं हसू आलं आणि खोकला आला. दोन दिवसांनी ती गेली. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. मी पोरांना सोडून दिलं आणि तराफ्याने राजूरकडच्या काठावर येऊन बसलो.

तिला अँब्युलन्सने काठापर्यंत आणलं. पलीकडे वाडीला न्यायचं तर तराफ्यानेच. तिला फळ्यांवर ठेवलं, बरोबर मधोमध. शांताबाईंनी कुणालाही न विचारता तिच्या कपाळाला कुंकू लावलं. चेअरमन आपण होऊन एका कडेला बसले, मग तराफा कलला म्हणून उठून उभे राहिले. युनूसभाई अँब्युलन्सबरोबर संगमनेरहून आला होता.

सुनीता इंजिनापाशी बसली. तिने फुगा दाबला. "प्यालंय का?" सवयीने तिच्या तोंडून गेलं. फुगा घट्ट लागला. मग तिचा हात झाकणावर गेला आणि दुसरा प्रश्न काही केल्या तिच्या तोंडातून निघेना.

युनूसभाई वाकला. त्याने स्क्रू काढला, भोकाला डोळा लावून पाहिलं, पुन्हा सैल बसवला.

"घेतंय," तो म्हणाला. "ओढ."

सुनीताने दोरी ओढली. तराफा मधे कुठेही थांबला नाही.